गोड्या पाण्यातील मासेमारीसाठी नदी व जलाशय यांची निवड

गळ टाकून मासे धरू इच्छिणाऱ्याचा पहिला प्रश्न आमिषाचा नसून पाण्याचा असतो. कोणत्या नदीवर अथवा कोणत्या तलावावर जावे, हे ठरविताना सामान्यतः एकच कसोटी लावली जाते : जेथे मासा लवकर लागतो, ते पाणी उत्तम. ही कसोटी वरवर पाहता निर्विवाद वाटते; तथापि आपल्याकडील नद्यांचे स्वरूप लक्षात घेतल्यास ती पुष्कळदा दिशाभूल करणारी ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातील पाण्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मत्स्यविज्ञानाच्या इतिहासात या खोऱ्याला विशेष स्थान आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनमधील माशांची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांतील महसिराच्या एका जातीचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेला होता. जातींचे नामकरण करताना त्याने पुष्कळ ठिकाणी येथील लोकांच्या तोंडची नावेच स्वीकारली. ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘फुलंगी’ ही शास्त्रीय नावे त्यांपैकीच होत. म्हणजे या नद्यांचे पहिले जाणकार त्यांच्या काठी राहणारे कोळी व भोई हेच होते.

कोणत्याही पाण्यात मासा टिकण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : पाण्यात विरघळलेला प्राणवायू, अन्न आणि आश्रय. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीस २० अंश सेंटीग्रेड तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. रोहू-कटल्यासारख्या माशांना सुखाने राहण्यास साधारणपणे ५ मिलिग्रॅम तरी लागतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात रात्रभर वनस्पतींचेही श्वसन चालू असल्याने पहाटेच्या सुमारास प्राणवायूचे प्रमाण सर्वांत कमी होते. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात. नवखा मनुष्य ते विपुलतेचे लक्षण समजतो. वस्तुतः ते गुदमरण्याचे लक्षण होय. मरळ व मागूर हे मासे हवेतून प्रत्यक्ष श्वास घेऊ शकतात. म्हणून केवळ तेच आढळतात त्या पाण्याबद्दल शंका घ्यावी.

आता नदीकडे वळू. सह्याद्रीतून निघणाऱ्या मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचे स्वरूप वर्षभर एकसारखे नसते. पावसाळ्यात पूर आला की अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हिवाळ्यात पाणी निवळते व मासे सर्वत्र विखुरलेले असतात. खळाळ जेथे डोहात उतरतो, ती जागा या दिवसांत विशेष चांगली. कारण खळाळात पाण्यात हवा मिसळते, दगडांखालील कीटकांच्या अळ्या वाहून येतात आणि मासा खोल पाण्याच्या आश्रयास राहून त्यांची वाट पाहतो. उन्हाळ्यात मात्र धार आटते, खळाळ उघडे पडतात आणि जे मासे उरलेले असतात ते सर्व डोहांत एकत्र येतात.

येथेच वर सांगितलेली कसोटी फसते. वैशाखात डोहावर बसणाऱ्यास मासा लवकर लागतो, आणि नदीत मासे पुष्कळ आहेत असे त्यास वाटते. परंतु मासे वाढलेले नसतात. पाणी कमी झालेले असते. समजा, चार मैल लांबीच्या पात्रातील मासे चार डोहांत गोळा झाले आहेत. त्यांतील एक डोह उपसला, तर एका डोहाचे नव्हे, तर सरासरीने एक मैल नदीचे मासे नाहीसे होतात. शिवाय हेच मासे पुढील पुरात अंडी घालणारे असतात. महसिरासारख्या माशाची मादी प्रजननक्षम होण्यास काही वर्षे लागतात, व मोठी मादी अधिक अंडी घालते. म्हणून उन्हाळ्यातील डोह हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक असा मासेमारीचा जलभाग आहे. सुरुंग वा विष वापरून डोह मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली. पण गळाने केलेला अतिरेकही परिणामी त्याच दिशेने जातो.

हे ज्ञान आपल्या लोकांस नवे नाही. भीमेच्या खोऱ्याबाहेर, सह्याद्रीच्या पश्चिमेस, महाडजवळील वाळणकोंड व वाडा तालुक्यातील वैतरणेवरील तिळसे येथे देवाचे म्हणून मासे राखले जातात, त्यांस कोणी धरीत नाही. यामागील भावना धार्मिक असली, तरी राखला गेला तो डोहच, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जलाशयाची गोष्ट वेगळी. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी व अलिकुन्ही यांनी पोष-ग्रंथीच्या अर्काने या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि तलावांत सोडण्यासाठी मत्स्यबीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. ज्या तलावात वेळोवेळी बीज सोडले जाते, तेथील वाढलेला मासा काढल्याने मूळ वंशास धक्का लागत नाही. मात्र हे बीज बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेने स्वखर्चाने सोडलेले असते. तिच्या अनुमतीवाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरणे होय.

जलाशयात जागा निवडताना भिंतीजवळील खोल पाणी टाळावे. उन्हाळ्यात तळाच्या थरात प्राणवायू बहुधा नसतो, आणि सांडव्याखालचे पात्र तर एकाएकी पाणी सुटण्याच्या भयाने वर्ज्यच मानावे. ओढा जेथे येऊन मिळतो ते तोंड, नुकतीच पाण्याखाली गेलेली गाळाची जमीन आणि वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ, या जागा उत्तम. पाणवनस्पतींत मरळीची पिले थव्याने फिरताना दिसली, तर मात्र तेथून उठावे. त्यांचे आईबाप त्यांची राखण करीत असतात. ते धरले की पिले अन्य माशांच्या तोंडी पडतात.

विपुलता म्हणजे आरोग्य नव्हे, याचे मोठे उदाहरण भीमेवरील उजनी जलाशय होय. १९५२ साली भारतात आणलेला, मूळचा आफ्रिकेतील तिलापिया, म्हणजे आपल्याकडील चिलापी, तेथे उदंड वाढला आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी याच नद्यांतून तेथे पोहोचते. शेवाळयुक्त पाणी सोसून चिलापी झपाट्याने वाढते, आणि अन्न व जागा यांसाठी एतद्देशीय माशांशी स्पर्धा करते. तेथे चिलापी धरण्यास हरकत नाही. किंबहुना ती धरावीच. पण सांडपाण्याच्या मुखाजवळचा मासा खाण्यास घेऊ नये.

सारांश, उन्हाळ्यात बीज सोडलेला तलाव पाहावा व अनुमती घ्यावी. हिवाळ्यात नदीवर जावे, आणि महसिरासारखा मासा लागल्यास ओल्या हाताने सोडून द्यावा. पुराच्या दिवसांत वर चढणाऱ्या माशांच्या वाटेत बसू नये. आणि उन्हाळ्यातील डोह राखावा. मासा कोठे लागेल हे पाणी पाहून कळते. तेथला मासा काढला तर पुढच्या वर्षी तेथे काय उरेल, हेही त्याच पाण्यावरून ठरवता येते. निवड करताना या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे.