शर्टाच्या बटणाएवढा नेम

‘‘आई, तू हात लावू नकोस गं. काही बिघडलं तर?’’

सई कॉटवर पाय दुमडून बसली होती. समोर चादर अंथरलेली, चादरीवर तिचं एअर पिस्तूल, आणि माझ्या हातात शिलाई मशीनच्या डब्यातला बारीक स्क्रू ड्रायव्हर. हे दारात उभे राहून म्हणाले, ‘‘अगं, ती काय तुझी मशीन आहे का? कोल्हापूरला देऊ की दुकानात.’’

मैत्रिणींनो, खरं सांगते, मलाही धाकधूक होतीच. गेली अठरा वर्षं मी घरी ब्लाऊज, ड्रेस शिवते. पिस्तूल म्हटलं की सिनेमातलंच आठवायचं. पण लेक नववीत असताना शाळेच्या शिबिरातून आली ती नेमबाजीचं वेड घेऊनच! आमचं तालुक्याचं गाव. तिथून रेंज बसने दीड तासावर. आठवड्यातून तीनदा जाणं-येणं, शिवाय कॉलेज. पण तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दोघीही आमच्या कोल्हापूरच्याच. तेजस्विनी २०१०मध्ये म्युनिचला विश्वविजेती झाली. राहीनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आमच्या भागात पोरीला ‘नको’ म्हणणं अवघडच!

नवं पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेरचं. भिशीचे पैसे, माझ्या शिलाईचे पैसे आणि यांचा बोनस असं सगळं जमवून एका सीनियर मुलीचं जुनं पिस्तूल घेतलं. पहिल्या वर्षी सई भराभर पुढे गेली. नंतर मात्र ६००पैकी ५४०च्या आसपास गाडी अडली ती अडलीच. कुणीतरी रेंजवर म्हणालं, ‘‘हिची नजरच नाही.’’ घरी येऊन पोरगी म्हणाली, ‘‘आई, मी सोडून देते.’’ डोळे तपासून आणले, तर नंबरही नव्हता!

मग तिच्या सरांनी एकदा पिस्तूल स्वतः धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हिची पुढची साइट हिला जाड पडतेय. बारीक बसवा.’’

आता ही साइट म्हणजे काय? पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक चौकोनी खाच असते, आणि पुढे नळीच्या तोंडाशी एक छोटी उभी पट्टी. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, फौजेत होते. ते तिला ‘माशी’ म्हणतात. मागच्या खाचेच्या बरोब्बर मध्ये पुढची पट्टी दिसली पाहिजे, दोघींचे माथे एका रेषेत हवेत, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट हवी. एवढं जमलं की नेम. सईची पट्टी साडेचार मिलिमीटरची. तिच्या पिस्तुलाची मागची खाच रुंद करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या फटी इतक्या अरुंद दिसायच्या की रेंजच्या मंद उजेडात त्या सारख्या आहेत की नाहीत हेच कळत नसे. म्हणजे दोष नजरेचा नव्हताच!

‘‘एवढ्याशा फरकानं काय होतंय?’’ हे म्हणाले. मी कागद-पेन्सिल घेतली. कापडाचा हिशेब करणाऱ्या बाईला हा हिशेब काय अवघड! दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटीमीटर. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी छर्रा तिकडे तीन सेंटीमीटर सरकणार. आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं! एका मिलिमीटरच्या चुकीनं दहाचे सात होतात. हे ऐकून यांनी गप्प चहा घेतला.

चार मिलिमीटरची नवी पट्टी मागवली. दुकानदार म्हणाला, ‘‘पिस्तूल ठेवून जा, आठ-दहा दिवसांत बसवून देतो.’’ जिल्ह्याची निवड स्पर्धा बारा दिवसांवर! शिवाय त्याचं पुढचं वाक्य माझ्या मनाला लागलं. ‘‘ताई, हे काय बायकांचं काम नाही.’’ अहो, बॉबिन केसचा स्क्रू पाव आटा फिरवून धाग्याचा ताण जमवणाऱ्या बाईला तुम्ही हे सांगता? सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘एकच स्क्रू आहे, घरी होईल. सईलाच करू दे.’’

सई काही हात लावेना. म्हणून मी बसले. पण आधी आबांनी दोघींना दटावलं. ‘‘आदी रिकामं हाय का बगा. दोगींनी बगा. आन् तोंड कुनाकडं करायचं न्हाई, रिकामं असलं तरीबी.’’ सईनं हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवला, नळीत छर्रा नाही हे स्वतः पाहिलं, मलाही दाखवलं, आणि नळीतून केशरी सुरक्षा दोरी घातली. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे.

चाळिशीचा चष्मा लावला. छोटी अ‍ॅलन की स्क्रूत बसवली, हलकेच फिरवली. स्क्रू सैल झाला, उडाला आणि गायब! सई रडायच्या बेताला आली. चादर पांढरी घेतली होती म्हणून बरं, पण स्क्रू चादरीवर नव्हताच. शेवटी माझं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक आणलं, कॉटखाली फिरवलं, आणि ‘टिक’! तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिकटून वर आला. तिथून मात्र सईच म्हणाली, ‘‘दे, आता मी करते.’’ मी सरकून बसले.

तिनं जुनी पट्टी काढली, खाचेतली धूळ ब्रशनं झाडली, नवी पट्टी सरळ बसवली. स्क्रू बेताचाच आवळला. जास्त जोर केला की आटे जातात, हे मशीनलाही लागू आणि पिस्तुलालाही. काढलेली पट्टी डबीत घालून नाव लिहून ठेवली. सगळं मिळून पाऊण तास.

पण खरं काम पुढेच होतं. साइट बदलली की नेम नव्यानं जुळवावा लागतो, आणि तो रेंजवरच, घरी नाही. दुसऱ्या दिवशी सईनं पाच छर्रे मारले. सगळे डावीकडे खाली! तिचा चेहरा उतरला. सर मात्र हसले. ‘‘एका छर्ऱ्याकडे बघू नकोस, पाचांचा पुंजका बघ. पुंजका जवळजवळ आहे ना? मग तुझं बरोबर आहे, साइट हलव.’’ नवी पट्टी जुनीपेक्षा किंचित उंच होती. पुढची उंच झाली की छर्रा खाली जातो. मागची साइट मात्र छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची. सईनं मागची साइट वर आणि उजवीकडे घेतली. दोन क्लिक, पाच छर्रे, पुन्हा दोन क्लिक... प्रत्येक वेळी वहीत नोंद. तासाभरात पुंजका मधोमध आला.

त्या दिवशी मीही एकदा ते पिस्तूल धरून पाहिलं. एकाच हातानं धरायचं असतं, बाई! मिनिटभरात खांदा भरून आला. या पोरी पाऊण-एक किलोचं वजन असं साठ वेळा उचलतात. २०१७पर्यंत मोठ्या स्पर्धांत बायकांना चाळीसच छर्रे असायचे आणि पुरुषांना साठ. २०१८पासून दोघांनाही साठ. आपल्याला कमी जमेल असं गृहीत धरणारे सगळीकडेच असतात, नाही का?

मला टोकियो आठवलं. २०२१च्या ऑलिम्पिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. त्याच मनूनं २०२४मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली. यंत्र कुणाचंही बिघडतं. पण ते कुठे उघडतं, कुठे आवळतं हे ठाऊक असलं की निम्मी भीती जाते.

एक मात्र आवर्जून सांगते. हे सगळं खेळाच्या, छर्ऱ्याच्या पिस्तुलाचं. काडतुसाच्या शस्त्राला घरी असा हात लावू नये. ते परवानाधारक कारागिराचंच काम. आणि छर्ऱ्याचं असलं तरी ते खेळणं नव्हे. आमच्याकडे ते कुलपात असतं, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

स्पर्धेचं काय झालं, विचाराल. सईचे ५५१ झाले. निवड थोडक्यात हुकली. परतीच्या बसमध्ये मी समजूत काढायची तयारी करून बसले होते. तर ती म्हणाली, ‘‘आई, तिथला उजेड वेगळा होता. सरावाच्या छर्ऱ्यांत पुंजका वर जात होता. मी दोन क्लिक खाली घेतलं.’’

‘‘सरांना विचारलंस?’’

‘‘नाही. माझं मलाच कळलं.’’

आधी हीच पोरगी एक क्लिक फिरवायलाही सरांकडे बघायची! आपण मुलींना सायकल देतो, स्कूटी देतो, मोबाइल देतो. पण स्क्रू ड्रायव्हर मात्र दादाच्या नाहीतर बाबांच्या हातात ठेवतो. आता माझ्या मशीनच्या डब्यातली ती छोटी अ‍ॅलन की सईच्या पिस्तुलाच्या पेटीत गेली आहे. मी परत मागितलेली नाही.