तिथी पाहून खाडीवर

ठाणे खाडीत एप्रिल-मेमध्ये पक्षी पाहायचे, तर निघण्याआधी तिथी पाहावी. इथले पक्षी पाण्याच्या वेळापत्रकावर जगतात. ओहोटीला चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि पक्षी चरत दूरवर पांगतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली, की पाणी त्यांना काठाकडे रेटत आणते. म्हणून पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोहोचावे.

वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला १२ची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास. साडेसहाला काठावर हजर असावे. खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा पोहोचते, तेव्हा भरतीचे कोष्टकही ताडून घ्यावे. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे चढत नाही, पक्षी लांबच राहतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातली बोटही भरती पाहूनच सुटते. सकाळी नवी मुंबईचा काठ बरा, कारण ऊन पाठीशी असते. संध्याकाळी त्याच कारणाने भांडुपची बाजू.

आधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहा. मोठा रोहित उंच, पांढरट. त्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी. छोटा रोहित ठेंगणा, जास्त गुलाबी, चोच गडद लाल. चरताना चोच उलटी होऊन पाण्यात बुडते, जीभ पंपासारखी चालते, पाणी बाहेर जाते आणि चोचीच्या कडांच्या बारीक जाळीत सूक्ष्म शेवाळ अडकते. पिसांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो.

मग नजर खाली, चिखलावर आणा. हिवाळ्यात एकजात राखाडी दिसणारे छोटे पक्षी आता विणीचा पेहराव चढवतात, म्हणून ओळखायला सोपे जातात. बाकदार चोचीची तुतारी पोटापर्यंत विटकरी होते; तिला सैबेरियाचा टुंड्रा गाठायचा असतो. लडाख-तिबेटकडे निघालेल्या चिखल्याच्या छातीवर नारिंगी पट्टा उमटतो. कुरवांची डोकी गडद होतात.

या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावरची चरबी. ती मिळते चिखलातल्या किड्यांतून, आणि तीही ओहोटीच्या मोजक्या तासांत. भरतीला चिखल बुडाला, की थवे नेरूळसारख्या ठिकाणच्या उथळ तळ्यांवर विसाव्याला जातात. २०१५मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळही. पण तळी बुजली, तर नुसती खाडी राखून भागणार नाही. पक्ष्यांना दोन्ही लागतात.

आपणही अंतर राखावे. चरणाऱ्या पक्ष्यांनी एकदम माना वर केल्या, की आपण फार जवळ आलो असे समजावे; थांबावे आणि चार पावले मागे सरावे. फोटोसाठी थवा उडवला, तर पुढच्या हजारो किलोमीटरांसाठी साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते.