आघात, इंग्रजी सामासिक विशेषणांतील

दोन पदांच्या संयोगाने बनलेल्या इंग्रजी विशेषणांत मुख्य बलाघात कोणत्या पदावर पडतो, याविषयीची व्यवस्था. मराठीत आघात अर्थभेदक नसल्याने मराठी भाषकाचे तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. इंग्रजीत मात्र तो चुकल्यास शब्द ओळखणेही श्रोत्यास अवघड जाऊ शकते.

अक्षरविभागणीचे तत्त्व सोपे आहे : पदसीमा हीच अक्षरसीमा. ‘शॉर्ट-रेंज’ (लघुपल्ल्याचा) यातील ट् आणि र् वेगळ्या अक्षरांत राहतात. ‘स्ट्रेंज’मधल्याप्रमाणे ते एकजीव होत नाहीत. अंत्य ‘-एड’ प्रत्ययाचे लेखन मात्र फसवे आहे. ‘लाँग-हेअर्ड’मध्ये त्याचे स्वतंत्र अक्षर होत नाही, ‘बेअर-हेडेड’मध्ये मागे ड् असल्याने होते, आणि ‘थ्री-लेगेड’मध्ये असे कारण नसतानाही बहुधा होते.

पूर्वपद नाम असून ते उत्तरपदातील क्रियेचे कर्म असल्यास आघात पूर्वपदावर असतो. उदा., ‘हार्ट-ब्रेकिंग’, ‘टाइम-कन्झ्यूमिंग’. पूर्वपद विशेषण असल्यास तो सामान्यतः उत्तरपदावर जातो. उदा., ‘गुड-लुकिंग’, ‘ओल्ड-फॅशन्ड’. ‘होम-मेड’, ‘ड्यूटी-फ्री’ यांचे पूर्वपद नाम असूनही ती दुसऱ्या गटात मोडतात; अशा ठिकाणी नियमापेक्षा कोशावर विसंबणे बरे.

याहून महत्त्वाचे आहे ते आघाताचे स्थलांतर. ‘द कार इज सेकंड-हँड’ या वाक्यातील विधिविशेषणात मुख्य आघात ‘हँड’वर असतो. ‘अ सेकंड-हँड कार’ असे अधिविशेषण होताच तो ‘सेकंड’कडे सरकतो, कारण ‘हँड’ आणि ‘कार’ असे दोन प्रबल आघात लागोपाठ येणे इंग्रजीच्या लयीला मानवत नाही. ‘अ‍ॅन ओल्ड-फॅशन्ड हाउस’मध्ये मध्ये एक आघातहीन अक्षर असूनही हेच घडते. मराठीत रुळलेल्या ‘सेकंडहँड’ शब्दात असा पालट होत नाही. ‘सेकंडहँड गाडी’ काय किंवा ‘गाडी सेकंडहँड आहे’ काय, उच्चार एकच.

नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ मध्ये समासाघाताचा एक सर्वसाधारण नियम मांडला, त्यानुसार आघात पूर्वपदावर येतो. उत्तरपदी आघात असलेली विशेषणे त्यात नीट सामावत नाहीत. मार्क लीबरमन व अ‍ॅलन प्रिन्स यांनी १९७७ मध्ये आघाताचे स्थलांतर लयीच्या आधारे स्पष्ट केले. ते अधिक पटणारे आहे. बहुतेक सामान्य कोश शब्दाचा सुटा उच्चार तेवढा देतात, जे. सी. वेल्स यांच्या १९९० च्या उच्चारकोशात मात्र आघात सरकू शकणारे शब्द खास चिन्हाने दर्शविले आहेत.