हिमोफिलिया : न सांगितलेले दुखणे

रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या मैदानावर खेळताना गुडघा फुटला नाही असा विद्यार्थी विरळाच. थोड्या वेळात रक्त थांबते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. पण काही मुलांचे रक्त लवकर गोठत नाही. या आनुवंशिक विकाराला हिमोफिलिया म्हणतात.

रक्त गोठविण्याच्या कामात अनेक प्रथिने साखळीसारखी भाग घेतात. त्यांतील आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया 'अ' होतो. सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला तो असतो. अशा मुलाचे रक्त वेगाने वाहत नाही. जास्त वेळ वाहते. साध्या खरचटण्याने सहसा धोका नसतो. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांच्या आत वारंवार रक्तस्राव झाला, तर मात्र सांधा कायमचा आखडतो.

येथेच मनाचा संबंध येतो. सूज दिसण्यापूर्वी सांध्यात मुंग्या येतात किंवा ऊब जाणवते. ती फक्त त्या मुलालाच कळते. त्याच वेळी उणा घटक शिरेतून टोचला तर पुष्कळ नुकसान टळते. वाडीवरून दवाखाना गाठायलाच वेळ लागतो, तेथे तर प्रत्येक तास मोलाचा. पण 'सांगितले तर आई रडेल, सहल चुकेल, मुले हसतील' या भीतीने मूल गप्प बसते.

आईचेही मन खचते. सदोष जनुक 'क्ष' गुणसूत्रावर असते व मुलाला ते आईकडून मिळते, म्हणून ती स्वतःला दोष देते. वास्तविक यात अपराध कोणाचाच नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा विकार पूर्वी आढळलेलाच नसतो. मग मुलाला तळहाताच्या फोडासारखे जपले जाते आणि ते एकटे पडते.

आज उणा घटक नियमित टोचून रक्तस्राव आधीच टाळता येतो. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विकारावर संशोधन चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हिमोफिलियाचा समावेश आहे. कबड्डी वर्ज्य असली, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने पोहणे चालते. त्याने स्नायू बळकट होऊन सांध्यांना आधार मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा विकार संसर्गजन्य नाही. तुमच्या वर्गात असा मित्र असेल तर त्याला खेळातून वगळू नका. त्याला जमेल असा खेळ निवडा. आणि शिक्षकांनो, सूज दिसत नसली तरी 'दुखते' म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवा. तो विश्वास असेल, तर मूल वेळेवर बोलेल आणि त्याचा गुडघा वाचेल.