परमुलुखातील उतारवय

पत्नीच्या निधनानंतर मुलाच्या आग्रहाखातर दिल्लीलगतच्या नोएडा वा गुरुग्राम येथील एखाद्या उत्तुंग इमारतीत येऊन राहिलेला मराठी गृहस्थ सकाळचे वर्तमानपत्र घडी करून ठेवतो, तेव्हा मुलगा-सून कचेरीस गेलेली असल्याने सायंकाळपर्यंत मातृभाषेचा एक शब्दही त्याच्या कानी पडत नाही. आणि शाळेतून परतलेला नातू ‘आजोबा’ एवढे म्हणून पुढचे सारे हिंदीतच बोलतो. गणगोताचा राबता बहुधा पत्नीनेच सांभाळलेला, आणि हुद्द्याबरोबर दफ्तरातील स्नेहीही मागे राहिलेले, त्यामुळे हे एकाकीपण पुरुषास विशेष जाचते. परंतु ते बोलून दाखविण्यात त्यास कमीपणा वाटावा, हा माझ्या मते त्याहून मोठा अनर्थ होय.

वास्तविक ज्या दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली आणि पुन्हा २०२५ साली तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, तेथे मराठी माणसांची वानवा नाही. गणेशोत्सव मंडळांना जमाखर्च लिहिणारा, मुलांना मराठी वाचावयास शिकविणारा वडीलधारा हवाच असतो, आणि असे काम अंगावर घेतलेला मनुष्य कार्यक्रमांना नुसता श्रोता म्हणून बसणाऱ्यापेक्षा लवकर सावरतो. मन फारच खचल्यास ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा आहे. तिचा उपयोग करण्यात कोणीही संकोच बाळगू नये.