लाकडाची पारख

लाकूड घेताना आपण रंग पाहतो, आणि फसतो तेही रंगामुळेच. आंब्याच्या फळीवर सागवानी रंगाचा हात फिरवला की ती साग म्हणून खपते. पुढे चौकटीखाली भुगा पडू लागला म्हणजे डोळे उघडतात. रहाटणी खेडे होते तेव्हा लाकडाची निवड गावचा सुतार करी. आज सदनिकेच्या दारासाठी आपणच वखारीत जातो, तेव्हा ही पारखही आपणच शिकली पाहिजे.

आमचे पहिले सांगणे असे की, फळीची पाठ पाहू नये, टोक पाहावे. आडव्या कापलेल्या टोकावरून धारदार पटाशीने पातळ कपचा काढावा व तेथे भिंग धरावे. सागात वर्षावर्षाची वलये दिसतात. प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ असते, पुढे ती बारीक होत जातात. ताजा काप किंचित तेलकट लागतो. त्याला कमावलेल्या कातड्यासारखा वास येतो. शिसवाची छिद्रे सर्वत्र विखुरलेली, रंग जांभळट काळा, आणि वजन सागाहून जास्त. बाभूळ तांबूस व चिवट, म्हणून ती बैलगाडीच्या चाकांना व औतांना लागे. आंबा फिका असून त्याला कीड लवकर लागते.

सागातही गाभा निराळा आणि सालीलगतचे फिकट लाकूड निराळे. वाळवीपुढे टिकतो तो गाभा. फिकट भागाला सागाचा भाव देऊ नये.

आपल्या कारखानदारीच्या पट्ट्यात परदेशी यंत्रांच्या खोक्यांचे पाइनही पुष्कळ मिळते. त्यात सागासारखी छिद्रे नसतात. फिक्या-गडद पट्ट्या व राळेचा वास ही त्याची खूण. त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. शेजारी ‘एच.टी.’ असल्यास लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले असते, ‘एम.बी.’ असल्यास त्याला मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असल्या फळ्यांचा पाळणा करू नये.

आणि फळीचे टोकही रंगवलेले आढळले, तर इंचभर कापून दाखवण्यास सांगावे. विक्रेत्याने नकार दिला, तर तेच उत्तर समजावे.