जबड्याची सौम्य अस्थ्यर्बुदे व शस्त्रक्रियेनंतरची देखरेख

जबड्यावर सावकाश वाढणारी, कठीण व वेदनारहित गाठ सौम्य ठरली, की रुग्णाची बोळवण करण्याकडे साहजिक कल असतो. वस्तुतः पुढे देखरेख कशाची करावयाची, हे गाठीच्या जातीवर अवलंबून आहे.

एकाकी अस्थ्यर्बुद पक्व अस्थीचेच बनलेले असते. समूळ काढल्यास ते सहसा पुन्हा उद्भवत नाही. परंतु एकाच रुग्णात अशी अनेक अर्बुदे आढळली, तर जबड्याहून आतड्याची चिंता अधिक. एल्डन गार्डनर यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात ही अर्बुदे बृहदांत्रातील असंख्य पॉलिपांच्या आधीही दिसू शकतात, आणि उपचाराअभावी त्या पॉलिपांतून कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते. तेथे भावंडांचीही तपासणी करावी लागते.

तंतुमय अस्थिविकृती व अस्थिजनक तंत्वर्बुद ही दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सारखीच दिसतात. क्ष-किरण चित्रात मात्र पहिलीची कड भोवतालच्या अस्थीत विरून जाते, तर दुसऱ्याची रेखीव असते. पहिलीची वाढ शरीराची वाढ पुरी झाल्यावर बहुधा मंदावते. म्हणून विद्रूपता फार नसेल, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे श्रेयस्कर. किरणोपचार तर वर्ज्यच, कारण त्याने मारक अर्बुदाचा धोका वाढतो. दुसरे संपूर्ण काढावे लागते. त्याचा बालवयातील प्रकार पुनःपुन्हा उद्भवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे.

यावल तालुक्यात केळीच्या बागेत रोजंदारी करणाऱ्यास या भेदाचे महत्त्व फार. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले; पण तेथवरची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. ‘सहा महिन्यांनी दाखवा’ एवढेच ऐकलेला रुग्ण, काही दुखत नसता, परत येत नाही; त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. जुने क्ष-किरण चित्र व ऊतिपरीक्षेचा अहवाल त्याच्याच हाती द्यावा, कारण पुढील तुलना त्यांवाचून होत नाही. चेहऱ्याचे छायाचित्र व तोंड किती उघडते याचे माप यावललाच घेता येते. सूज झपाट्याने वाढली, दुखू लागली, ओठ बधिर झाला किंवा दात हलू लागले, तर मुदतीची वाट न पाहता जळगाव गाठावे, हे रुग्णास त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे.